‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ : हळुवार आवाजाचा अल्बम

इंग्रज गीतकार व गायक निक ड्रेक यांचा ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ हा पहिला अल्बम १९६९ मध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने लंडन येथे प्रकाशित केला. निर्माते जो बॉइड होते, तर ध्वनिमुद्रण जॉन वुड यांनी चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स स्टुडिओत केले. अल्बममध्ये दहा गीते आहेत. ‘पाच पाने उरली’ हे नाव रिझला सिगारेट-कागदांच्या पाकिटात शेवटाकडे आढळणाऱ्या सूचनेवरून घेतलेले आहे.

ड्रेक यांचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगून येथे झाला. वडील रॉडनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. जपानी आक्रमणानंतर आई मॉली यांनी ब्रह्मदेश सोडून दिल्लीत आश्रय घेतला आणि तेथे बहिणीसमवेत आकाशवाणीवर गायन सादर केले. मॉली स्वतः गीते रचून पियानोवर गात. त्यांची घरगुती ध्वनिमुद्रणे अनेक दशकांनी प्रकाशित झाली. ती ऐकणाऱ्याला मुलाच्या गाण्यातील संयत, किंचित उदास सूर कोठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

ड्रेक केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकत असताना फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लोकसंगीत-रॉक समूहाचे अ‍ॅशली हचिंग्ज यांनी त्यांना ऐकले आणि बॉइड यांच्याकडे त्यांची शिफारस केली. त्यांचा आवाज मंद, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. गिटारवादन मात्र अत्यंत रेखीव. अशा गाण्यांना वाद्यवृंदाची जोड द्यायची तर आवाज त्याखाली दबून जाण्याचा धोका होता. प्रथम रिचर्ड ह्यूसन यांच्याकडे संयोजन सोपविण्यात आले. मेरी हॉपकिन व जेम्स टेलर यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी त्यांनी काम केलेले होते. परंतु त्यांचे संयोजन ड्रेक यांच्या पसंतीस उतरले नाही. एरवी अबोल असलेल्या या तरुणाने, केंब्रिजमधील आपला मित्र रॉबर्ट कर्बी हे काम अधिक चांगले करील, असे निर्मात्यास सुचविले. कर्बी विद्यार्थी होते आणि ध्वनिमुद्रणाचा व्यावसायिक अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. बॉइड यांनी तरीही संधी दिली. अल्बमचे यश या निर्णयात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

कर्बी यांनी चार गीतांचे संयोजन केले. त्यांपैकी ‘वे टू ब्लू’मध्ये गिटार मुळीच नाही, केवळ तंतुवाद्यांच्या साथीने ड्रेक गातात. व्हायोलिन आणि चेलो येथे गायकाला उचलून धरतात, पण त्याच्या पुढे जात नाहीत. ‘रिव्हर मॅन’चे संयोजन आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कर्बी यांना वाटल्याने ते चित्रपट-संगीतकार हॅरी रॉबिन्सन यांनी केले. हे गीत पाच मात्रांच्या आवर्तनात चालते. झपताल ऐकत आलेल्या श्रोत्याला अशी विषम चाल परकी वाटू नये. ड्रेक यांनी ते वाद्यवृंदाच्या मध्यभागी बसून, गिटार वाजवीत प्रत्यक्ष गायिले. आवाज आणि तंतुवाद्ये एकाच श्वासात चालल्याचा भास होतो, त्याचे हे एक कारण असावे.

अन्य गीतांत डॅनी थॉम्पसन यांचे डबल बास आणि रिचर्ड थॉम्पसन यांचे इलेक्ट्रिक गिटार ऐकू येते.

अल्बमला अल्प प्रतिसाद मिळाला. ड्रेक यांना रंगमंचाचे वावडे होते. जवळजवळ प्रत्येक गीतासाठी गिटार वेगळ्या स्वरांत जुळवावे लागे आणि तोवर श्रोत्यांची कुजबुज सुरू होई. लवकरच त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबविले. ‘ब्रायटर लेटर’ आणि ‘पिंक मून’ असे आणखी दोनच अल्बम आले; प्रथम प्रकाशनाच्या वेळी तिघांपैकी कोणाच्याही पाच हजारांहून अधिक प्रती खपल्या नाहीत. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, नैराश्यावरील औषधाच्या अतिरिक्त मात्रेमुळे त्यांचे निधन झाले. याच पहिल्या अल्बममधील ‘फ्रूट ट्री’ या गीताचा विषय मरणोत्तर कीर्ती हा आहे. १९७९ मध्ये तिन्ही अल्बमचा संच त्याच नावाने प्रकाशित झाला.

व्यापक श्रोतृवर्ग १९९९ नंतर, ‘पिंक मून’ एका मोटारीच्या जाहिरातीत वापरले गेल्यावर लाभला. जुलै २०२५ मध्ये ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’च्या घडणीचा चार तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला असून, ड्रेक यांच्या केंब्रिजमधील दिवसांतील ध्वनिमुद्रणही त्यात समाविष्ट आहे.