गॅरेज नसलेल्यांचं गॅरेज रॉक : वेल्वेट फॉग आणि नंदू भेंडे

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन-चार जणांनी विचारलं, की नेर परसोपंतला रॉक बँडवर व्याख्यान कशाला? त्याचं उत्तर हळूहळू येईलच. आधी शब्द समजून घेऊ. १९६० च्या दशकात अमेरिकेतली शाळा-कॉलेजातली पोरं घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये गिटार आणि ड्रम घेऊन बसायची. तीन-चार कॉर्ड येत असल्या तरी भागायचं, आवाज मात्र मोठा. त्या कच्च्या, धसमुसळ्या वाजवण्याला पुढे ‘गॅरेज रॉक’ नाव पडलं. आपल्याकडे मोटारच नव्हती, तर गॅरेज कुठलं? पण वाजवणारी पोरं होती, आणि त्यांतला एक बँड होता मुंबईचा ‘वेल्वेट फॉग’. गायक, नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या घरातला.

हे संगीत इथवर पोचलं कसं, हे आधी बघायला हवं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. तिथे हिंदी गाणी होती, तसे इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रमही होते. सरकारला वाटलं, लोक ख्याल ऐकतील. त्यातलेच काही क्लिफ रिचर्ड ऐकायला लागले! हा क्लिफ रिचर्डही लखनौत जन्मलेला, बरं का. त्याच्या पाठीमागे वाजवणारे ‘शॅडोज’ आणि मग बीटल्स, एवढ्या शिदोरीवर मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, शिलाँग इथे बँड उभे राहिले.

वाद्यांची मात्र बोंब होती. आयातीवर कडक निर्बंध. परदेशी इलेक्ट्रिक गिटार मिळाली तर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याकडून, नाहीतर कलकत्त्याची देशी. ॲम्प्लिफायर रेडिओवाल्याकडून बनवून घ्यायचा. त्या काळच्या रेकॉर्डवर जो खरखरीत, फाटका आवाज ऐकू येतो, आणि ज्याच्यावर आज परदेशातले संग्राहक जीव टाकतात, त्यात हौसेइतकाच टंचाईचाही वाटा आहे असं आमचं मत आहे.

आता रेकॉर्डिंगकडे येऊ, कारण आजच्या व्याख्यानाचं खरं दुखणं तिथेच आहे. त्या वेळी रेकॉर्ड काढणं म्हणजे बहुतेक करून एचएमव्हीच्या दारात उभं राहणं. साठच्या दशकाच्या शेवटी पॉलिडॉर आली आणि ‘सॅव्हेजेस’सारख्या मुंबईच्या बँडला तिथे संधी मिळाली. बाकीच्यांनी करायचं काय? त्यांना तारलं सिगारेटने. इंपीरियल टोबॅको, जी १९७० मध्ये इंडिया टोबॅको झाली, तिची ‘सिमला’ नावाची सिगारेट होती. तिच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा भरायची. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धांतल्या बँडच्या एलपी निघाल्या. सिगारेट विकायला काढलेली ही तबकडी आज भारतीय रॉकच्या इतिहासाचं मोठं साधन होऊन बसली आहे. बहात्तरच्या एलपीची वाट बघत बसू नका, मालिका दोनावरच थांबली. कंपनीचा हेतू इतिहास जपण्याचा कधीच नव्हता, तेव्हा तिला बोल लावण्यातही अर्थ नाही.

सत्तरच्या एलपीवर मद्रासच्या ‘कन्फ्यूजन्स’चं स्वतःचं गाणं आहे, बंगळूरच्या ‘डायनासोर्स’ने क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवलचं गाणं वाजवलंय, शिलाँगचे ‘फेंटोन्स’ आहेत. म्हणजे निम्मं उसनं, निम्मं घरचं. नक्कल म्हणून ही मंडळी हिणवली गेली. पण आपल्या बँडवाल्याने वरातीत हिंदी गाणं वाजवलं तर त्याला नकलाकार म्हणतो का आपण? तो कसं वाजवतो, ते बघतो.

वेल्वेट फॉग याच स्पर्धेत उतरलेला बँड. नावाचा एक घोळ सांगून ठेवतो. इंग्लंडात बर्मिंगहॅमलाही जवळजवळ याच नावाचा बँड होता, त्यांचा अल्बम १९६९ चा. स्पेलिंगमध्ये काय तो फरक. त्यामुळे शोधायला जावं तर समोर येतात बर्मिंगहॅमचेच. ज्यांच्या तबकड्या जास्त, त्यांचं नाव वर. आमचा मुंबईचा बँड राहिला तो मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या आठवणीत.

पण गंमत अशी, की त्या बँडचा गळा पुढे भलत्याच ठिकाणी ऐकू येतो. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात नंदू भेंडे जुडास झाले. १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी थिएटर ॲकॅडमीसाठी ते बसवलं, आणि त्यातला गुंड नायक अंकुश म्हणजे नंदू भेंडेच. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि स्वतः नंदू. एकाच नाटकात नाट्यसंगीताचा ढंग आणि रॉकचा ठेका. मराठी रॉक कुठून सुरू झालं असं कुणी विचारलं, तर आम्ही कुठल्या बँडकडे नाही, या नाटकाकडे बोट दाखवू. इंग्रजी गाणारा पोरगा मराठीत आला तो असा, नाटकाच्या दारातून.

आणि मग १९८२. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ आठवतं? बप्पी लाहिरींचं संगीत, गळा नंदू भेंडेंचा. जुडास गाणाऱ्याने कृष्णाला हाक मारली! अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या कुठल्या पानठेल्यावर हे गाणं वाजलं नसेल? म्हणजे मंडळी, सिमला बीटमधला तो आवाज तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ऐकलेला आहे, फक्त कुणाचा ते माहीत नव्हतं. ११ एप्रिल २०१४ ला नंदू भेंडे गेले.

तबकडी असली तर काय होतं, याचंही एक उदाहरण देतो. मुंबईचाच ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’. त्यांचा एकच अल्बम, ‘ऑब्सेशन ७७’. कुणी फारसा विचारला नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने तो पुन्हा काढला आणि जगभर लेख आले. वेल्वेट फॉग वाजवायला कमी होता म्हणून नव्हे, हातात धरायला वस्तू नव्हती म्हणून मागे पडला.

आता नेरकडे येतो. कॅसेट आली आणि एचएमव्हीच्या दारात उभं राहायची गरज संपली. ऐंशी-नव्वदच्या दशकात भीमजयंतीचे गायक, खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजनं म्हणणारी मंडळं, लग्नातल्या बँडपार्ट्या, कॅसिओ आणि ऑक्टोपॅडवाले ऑर्केस्ट्रा, कितीतरी जणांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून आवाज भरून घेतले. एकेक प्रत, वर बॉलपेनने नाव, कधी तेही नाही. आमच्या लेखी गॅरेज रॉक म्हणजे हेच : थोडी वाद्यं, घरची खोली, शिकवायला कुणी नाही. फरक इतकाच, की यांच्या मागे जर्मन किंवा अमेरिकन संग्राहक यायचा नाही.

म्हणून कामाचं सांगतो. घरी अशी कॅसेट असेल तर लगेच टेपमध्ये घालू नका. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसतेय का बघा. दिसली तर ती वाजवायचीच नाही, यंत्राचं हेडही खराब होतं आणि दुसऱ्या कॅसेटला बुरशी लागते. फितीखालचा स्पंजाचा छोटा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो. फीत चांगली असते, तुकडा दुसऱ्या कॅसेटचा बसवता येतो. फीत तुटली असेल तरी टाकू नका, जोडता येते. आणि सगळ्यात आधी, ढोलकीवर कोण, पेटीवर कोण, कुठल्या वर्षी, हे ओळखणारा माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून लिहून घ्या. फीत अजून दहा वर्षं टिकेलही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत काकांचा हात वर आहे, माइक त्यांच्याकडे द्या.