परतीचे तिकीट कोणाच्या हाती?

घरकामाला ठेवलेल्या माणसाचे हक्क म्हटले, की आपण प्रथम पगार, सुटी आणि कामाचे तास यांचा विचार करतो. आमच्या मते यांच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे. मालक नकोसा झाला तर चाकराला उठून जाता येते काय? तो जर परमुलखात असेल तर हा प्रश्न शतपटीने अवघड होतो. या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा तर मुंबई बंदरातून आगबोटीवर चढणाऱ्या आयेपासून आरंभ केला पाहिजे.

‘आया’ हा शब्द आपला वाटतो, पण तो पोर्तुगीज आहे. गोव्याच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला आणि पुढे इंग्रजांनी तो उचलला. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला व विलायतेचा प्रवास सोपा झाला, तेव्हा रजेवर निघालेली साहेबांची कुटुंबे मुलांना सांभाळण्यासाठी आया बरोबर नेऊ लागली. यांपैकी कित्येकींचा तो धंदाच होऊन बसला. अँथनी परेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका आयेने हा प्रवास चौपन्न वेळा केल्याची नोंद आहे. आपल्याकडे एकदा विलायतेला जाऊन आलेला मनुष्य जन्मभर तेच सांगत बसे. या बाईने मात्र काही लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

बोट लंडनला लागली की अनेक मालकांच्या लेखी आयेचे काम संपे. काहींनी तिला परतीची सोय न करता वाऱ्यावर सोडले. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचे वसतिगृह होते. १९०० साली लंडन सिटी मिशनने ते हॅक्नी भागातील किंग एडवर्ड्‌स रोडवर २६ क्रमांकाच्या घरात आणले, आणि १९२१ मध्ये ते त्याच रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या घरात गेले. पहिल्या घरावर २०२२ साली स्मरणाची निळी पाटी लागली.

या वसतिगृहाचा व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. सज्जन मालक आयेचे परतीचे तिकीट वसतिगृहाच्या स्वाधीन करी. वसतिगृह हिंदुस्थानकडे निघालेले दुसरे एखादे कुटुंब शोधून ते तिकीट त्याला विकी, आणि त्या पैशांतून आयेच्या राहण्याजेवण्याचा खर्च भागे. नव्या कुटुंबाबरोबर मुले सांभाळीत ती मायदेशी परते. व्यवस्था दयाळूपणाची होती यात शंका नाही. ती नसती तर किती जणी रस्त्यावर आल्या असत्या! परंतु तिकीट पहिल्या मालकाकडून वसतिगृहाकडे आणि तेथून दुसऱ्या मालकाकडे गेले. ज्या बाईच्या नावे हा सारा खटाटोप, तिच्या हाती ते कधी आलेच नाही. घरी जावयाचे तर नवा मालक मिळाला पाहिजे, अशी ही गाठ होती.

१९०२ साली, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी, आपले शाहू छत्रपती लंडनला गेले होते. हे वसतिगृह त्यांच्या कानावर गेले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण चाकरीच्या गाठीचे मर्म त्यांनी ओळखले होते, याची साक्ष त्यांच्या पुढील कारभारात मिळते. महार वतनाची जमीन ती केवढी, आणि तिच्यापायी सबंध घराण्याने रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी करावयाची, तीही पिढ्यान्‌पिढ्या! १९१८ मध्ये महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ही वतने बंद करून जमिनी रयतावा करून दिल्या. म्हणजे जमीन राहिली आणि गाठ सुटली. मुंबई इलाख्यात यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधेयक मांडले, तरी कायदा व्हावयास १९५८ उजाडले. अर्थात गाठी नव्या नावांनी पडतच असतात. महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या या शाहूपुरीत, उसाच्या मुलखात, मुकादमाची ‘उचल’ म्हणजे काय हे सांगावयास नको.

१९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला. तो करता आला याचे एक कारण साधे आहे. संध्याकाळी त्या आपापल्या घरी जात, आणि एक घर सुटले तर दुसरे धरण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नसे. आखाती देशांत मालकाच्याच घरी राहणाऱ्या बाईला हे दोन्ही नाही. तेथील कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचा देशातील वास्तव्याचा परवाना कफीलाशी, म्हणजे त्याच्या मालक-जामिनाशी, बांधलेला असतो. पगार थकला म्हणून ती घराबाहेर पडली, तर पळून गेल्याची फिर्याद तिच्यावरच होते. अलीकडे थोडे बदल झाले. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा करून आठवड्याची सुटी आणि कामाच्या तासांची मर्यादा घातली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना लागणारा मालकाचा दाखला रद्द केला. सौदी अरेबियाच्या २०२१ च्या सुधारणेतून मात्र घरकामगारांनाच वगळण्यात आले.

आपण अरबांना बोल लावून मोकळे होऊ नये. जिनिव्याच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांचा करार संमत केला. त्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण कल्याण निराळे आणि हक्क निराळा.

आणि ज्या लंडनमध्ये आयांचे वसतिगृह होते तेथे काय झाले? परदेशी घरकामगाराला मालक बदलण्याची मुभा ब्रिटनने १९९८ मध्ये दिली, आणि २०१२ मध्ये काढून घेतली. २०१६ मध्ये ती पुन्हा मिळाली, परंतु परवान्याची मुदत एकूण सहाच महिन्यांची. चार महिने सोसून जी बाई बाहेर पडेल, तिला उरलेल्या दोन महिन्यांसाठी कोण कामावर ठेवणार?