नाताळ व नजराणे

मौल्यवान् भेटींवांचून नाताळ गोड लागत नाहीं, असा समज आज रूढ आहे. परंतु इंग्लंडांतील जुने कागद निराळी साक्ष देतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या (१५५८–१६०३) दरबारांतील नजराण्यांच्या कांहीं गुंडाळ्या उपलब्ध आहेत. दर्शनी अंगावर राणीस आलेले नजराणे, पाठीवर तिनें उलट दिलेलीं मुलाम्याचीं रुप्याचीं भांडीं, तींहि वजनासह! उमराव नाण्यांची थैली देई. मुदपाकखान्याचा मुख्य बदामाच्या मिठाईवर भागवी. नजर-पोशाखांच्या याद्या चाळणारास हा मामला ओळखीचाच वाटेल. मात्र तिथि पाहावी: ही देवघेव नाताळची नव्हे, १ जानेवारीची. (तेथें कायद्याचें वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चास सुरू होई, तरी नववर्षाचे नजराणे जानेवारींतच.)

मग नाताळांत सामान्य जनांस काय हवें असे? १६४७ सालीं पार्लमेंटानें हा सण रद्द केला. कँटरबरीच्या नगराध्यक्षानें २५ डिसेंबरास बाजार उघडा ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हां जमावानें उघड्या दुकानांतील माल उधळला, दारांवर हॉलीच्या डहाळ्या लावल्या व रस्त्यांत चेंडू आणले. पुढील वर्षींच्या केंट परगण्यांतील बंडाचें एक मूळ येथेंच आहे. लोक भांडले ते उपासना, सुटी, मेजवानी व खेळ यांसाठीं, भेटींसाठीं नव्हे.

नजराणे जानेवारींतून नाताळांत सरकले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत. १८४३ सालच्या डिकन्सच्या नाताळकथेंतहि क्रॅचिट कारकुनाच्या घरीं धाडलेली वस्तु म्हणजे एक टर्की पक्षी, म्हणजे तीहि खाण्याचीच.