धंदा : बदली

घराण्याचा शोध घेणाऱ्यांना इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घराघरांची पत्रके आज वाचता येतात. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानुसार व्यक्तीची नोंद कुणाला पाहता येत नाही. हाती येते ती फक्त आकडेवारी. त्यामुळे शाळेचा जुना प्रवेशअर्ज हीच आपली जनगणना.

त्यात पालकाचा धंदा ‘बदली’ दिसला की नातवंडांना सरकारी नोकरीतली बदली वाटते. आपण गिरणगावची मुले. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राहणारा माणूस. कायम कामगार गैरहजर असला तर त्या दिवसाचे काम, नाहीतर हात हलवत घरी. ‘साचेवाला’ मागावर कापड विणी. ‘जॉबर’ म्हणजे मुकादम. पूर्वी माणसे भरतीही तोच करी.

पत्ताही जपून वाचावा. डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, हे सोपे. पण खोली क्रमांक दिसला म्हणून तिथे बिऱ्हाड होतेच असे नाही. पुष्कळदा ती कोकणातल्या एखाद्या गावाची गावकीची खोली असे, पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांची.

आईच्या धंद्याला बहुधा रकानाच नसे. असलाच तर ‘घरकाम’. त्याच घरकामात ती गिरणीकामगारांची खानावळ चालवी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, त्यांना बँकेची कर्जे मिळू लागली, तेव्हा कुठे हा धंदा कागदावर आला.

तुमच्या घरी खानावळ होती का? असल्यास आईचे नाव, चाळ आणि जेवायला येणाऱ्यांची गावे या पानाच्या समासात आजच लिहून ठेवा.