कोलारच्या सोन्याचा जमाखर्च

बंगळुरात १९०५ साली विजेचे दिवे लागले, ही गोष्ट येथे अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तही आहे. परंतु शिवसमुद्रमची वीज १९०२ साली प्रथम निघाली ती नव्वदाहून अधिक मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. या शहराच्या वाट्यास ती तीन वर्षांनी आली. ज्या खाणींच्या मागणीमुळे हा उजेड परवडला, त्यांच्या तळाशी राबणाऱ्यांच्या छातीत काय साचत होते, हे मात्र दिव्यांच्या कथेत येत नाही.

कोलारचे सोने गारेच्या खडकात. जॉन टेलर कंपनीने १८८० नंतर तेथे जम बसविला आणि पुढे ‘चॅम्पियन रीफ’ तीन किलोमीटरांहून खोल गेली. सुरुंगासाठी खडकात भोके पाडताना उडणारे गारेचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतात आणि तेथे कठीण गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. त्यावर उतारा नाही. काम सुटले तरी रोग वाढू शकतो, आणि क्षयाला दार उघडते ते वेगळेच. १९४० ते १९४६ या काळात तपासलेल्या साडेसात हजारांवर कामगारांत शेकडा चाळिसांहून अधिकांना हा रोग आढळला.

म्हैसूर सरकारने १९४० साली या रोगासाठी भरपाईचा मार्ग मोकळा केला. संस्थानाच्या दृष्टीने हे पाऊल पुरोगामीच; पण खाणी सुरू होऊन तोवर साठ वर्षे होत आली होती. शिवाय भरपाईचे गणित मजुरीवर बेतलेले. ज्याची मजुरी तुटपुंजी, त्याच्या श्वासाची किंमतही तुटपुंजी! आम्हां दप्तरी माणसांस हा हिशेब चटकन पटतो, म्हणूनच तो जरा तपासून पाहावा.

दम लागू लागला की माणूस खोल कामावरून वरच्या हलक्या कामावर येतो, मजुरी घटते. पुढे तेही झेपत नाही. घर कंपनीच्या लाइनीतले, म्हणजे नोकरीबरोबर छप्परही जाते. मग कर्ज, बायकोची मोलमजुरी, आणि मुलाची शाळा सोडून त्याच खाणीची वाट. अनेक कामगार तमिळ आणि तेलुगू मुलखांतले. रोगाने पुरते ग्रासण्यापूर्वीच जो गावी परतला, त्याच्या खोकल्याचे खाणीशी नाते तेथे कोणी सिद्ध करावयाचे? एक्स-रे काढण्यास शहरात जावे तर दिवसाची मजुरी बुडे आणि गाडीभाडे अंगावर पडे. यांतील एकही रक्कम खाणीच्या ताळेबंदात दिसावयाची नाही. राज्याला मिळणारी रॉयल्टी मात्र दर साली जमेस धरली जाई.

१९५२ च्या खाण कायद्याने या रोगाची खबर सरकारास देणे बंधनकारक केले. १९५६ साली खाणी सरकारी झाल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडल्या. रोगाला मात्र अशी तारीख नसते. धूळ छातीत गेल्यावर तो वर्षांनी डोके वर काढतो. राजस्थान सरकारने २०१९ साली सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण करून अर्थसाहाय्य आणि मासिक निवृत्तिवेतन ठरविले, ते मुख्यतः दगडखाणींतील मजुरांकडे पाहून. तेथे निदान आजारी माणसाचा दरमहाचा खर्च सरकारी खात्यात एका सदराखाली लिहिला जाऊ लागला.