आईची धाप आणि घरी आलेली सिस्टर



इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. गॅस आला तेव्हा आईची चाळिशी उलटली होती. तिनं कधी विडीला हात लावला नाही, तरी साठीत धाप लागायला लागली. आम्ही दमाच म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, हा सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या खराब झाल्यात, पूर्ण बरं होणार नाही. दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी १९५९ सालीच अशा आजारी बायकांमागे चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं होतं, हे मी फार उशिरा वाचलं.

मग आम्ही सेवा काय केली? तिला झोपवून ठेवलं. पाणीसुद्धा जाग्यावर.

ही समजूत जुनी. आमच्या घरांनी छातीचा आजार म्हणजे क्षय एवढाच पाहिलेला. औषधं नव्हती तेव्हा मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने विश्रांती हाच उपचार होता. पुढे गोळ्या आल्या. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात, नीट गोळ्या घेणारा रोगी घरी राहूनही तितकाच बरा होतो, असं दिसलं. सॅनेटोरियम मागे पडली, पण ‘छातीचं दुखणं, पडून राहा’ हे काही आमच्या डोक्यातून गेलं नाही.

सीओपीडीत नुसतं पडून राहिलं की पायांतली ताकद जाते, मग चार पावलांतच दम लागतो, म्हणून माणूस आणखी झोपतो. अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस पेटी यांनी १९६० च्या दशकातच अशा रोग्यांना ऑक्सिजनची सुटसुटीत नळकांडी देऊन चालवायला सुरुवात केली होती. आमच्याकडे हे शहाणपण आलं १९९४ साली, एका केरळच्या सिस्टरबरोबर.

पहिल्याच दिवशी तिनं आईला उठवून बसवलं. ‘माताजी, नाक से साँस लो, फिर होंठ गोल करके धीरे-धीरे छोड़ो, जैसे चाय ठंडी करते हैं।’ धाप लागली तर पुढं वाकून कोपर टेबलावर टेकायचे. आंघोळ स्टुलावर बसून. एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं, चार-पाच वेळा. पंप मारल्यावर चूळ भरायची. कफाचा रंग बदलला की डॉक्टरांना लगेच कळवायचं. आणि रोज ओसरीत फेऱ्या. आधी दोन, मग पाच.

महिन्याभरात आई स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. दिवाळीत चकल्या पाडायला बसली, पण तळायला मात्र सूनबाई. फुप्फुसं तीच होती, आजारही तोच. त्यानंतर ती सहा वर्षं होती, आणि त्यातली बरीचशी ओसरीत, माणसांत बसून.

मी आयुष्यभर बँकेत हिशेब केले. आईला प्रेमापोटी खाटेवर ठेवलेली ती दोन वर्षं मात्र अजून माझ्या नावे पडलेली आहेत. तुमच्या घरी कुणी असं धापत पडून असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यांना आजच हळूहळू उठवून बसवा.