श्रीपतला कुणी विचारलं?



आपल्या हैदराबादेतल्या मराठी मंडळीत मराठवाड्यातून आलेली घरं बरीच. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. तिथं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या धाकट्या भावाबद्दल, श्रीपतबद्दल, मात्र फारसं बोलत नाही.

१८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतून पुढे आलेल्या नारायणने बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातल्या तरुणाने घर, जात सगळं पणाला लावून केलेली ती निवड होती. श्रीपत सुमारे १२ वर्षांचा. तोही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी येऊन राहिला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा वडिलांच्या हवाली केला. एवढ्या लहान वयातली इच्छा कायद्याने धरली नाही. प्रश्न वडिलांच्या हक्काचा ठरला.

मिशनऱ्यांकडे राहून-जेवून पोरगा बाटला, असं जातीचं म्हणणं. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या म्हणून उभे राहिले, आणि शास्त्री-पंडितांत वाद पेटला. मोठमोठी माणसं एका पोराच्या जेवणावरून भांडत होती!

वडिलांना दोष देणं सोपं आहे. एक मुलगा गेलेला, दुसरा निघालेला. आपल्यातला कोणता बाप स्वस्थ बसला असता? देवाने दिलेली स्वतंत्र इच्छा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरून शिकवतो. त्यातला बाप मुलाला धरून ठेवत नाही, वाटणी देऊन जाऊ देतो. पण तो पुत्र जाणता होता. श्रीपत ख्रिस्तामागे आला की थोरल्या भावामागे? मिशनने हे किती पारखलं असेल, अशी शंका आम्हाला येतेच.

दृढीकरणाच्या वर्गातली आपली मुलंही साधारण त्याच वयाची. नावं आईवडील देतात, तारीख ठरते, कपडे शिवून येतात. यंदापासून आम्ही प्रत्येकाला बाजूला बसवून विचारतो, “तुला स्वतःला हवंय का?” “अजून नाही” म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीच्या वहीत लिहितो. काही पालक रागावतात. त्यांनाही आम्ही श्रीपतची गोष्ट सांगतो.